उभं करणारे डॉक्टर

डॉक्टर नरवाड्यांच्या केबिनमध्ये भिंतभर फोटो होते आणि त्यातल्या प्रत्येक फोटोत माझं कोपर होतं. मधोमध एक माणूस उभा. मांडीपासून घोट्यापर्यंत पायांना लोखंडी पट्ट्या आवळलेल्या, गळ्यात झेंडूचा हार, आणि चेहऱ्यावर आपण नेमके कशाला हसतोय ते न कळलेलं हसू. शेजारी टाय लावलेले डॉक्टर, एक हात त्या माणसाच्या खांद्यावर. आणि त्याच्या कमरेमागून डोकावणारं कोपर, ते माझं. कमरेखाली ज्याला काहीच कळत नाही असा माणूस फोटोपुरता उभा करायचा, तर मागून त्याचा पट्टा कोणीतरी धरावाच लागतो. मी तिथे फिजिओथेरपिस्ट होते, त्यामुळे हा मान माझा.

डॉक्टर पाठीचा कणा मोडलेल्यांचे आणि जुनाट दुखण्यांचे. पाटीवर त्यांच्या नावापुढे एवढी अक्षरं होती की नाव शोधावं लागे. लोकांनी ती सगळी अक्षरं बाजूला सारून त्यांना 'उभं करणारे डॉक्टर' म्हणायला सुरुवात केली होती, आणि डॉक्टरांना हे नाव डिग्रीपेक्षा जास्त आवडे. खामगावातल्या आमच्या त्या दवाखान्यात पार सिंदखेडराजापासून लोक येत. आमच्या जिल्ह्यात पडायच्या जागा ठरलेल्या आहेत. शेळ्यांना पाला तोडताना निंबावरून, गाळ काढताना विहिरीत, आणि सगळ्यात जास्त गाडीवरून. आमच्याकडे माणूस गाडीत बसत नाही, मालावर बसतो. कापूस असो, मळणीनंतरचा भुसा म्हणजे कुटार असो, रचलेल्या मालाच्या वर आणखी चार माणसं बसल्याशिवाय गाडी भरली असं कोणाला वाटतच नाही.

डॉक्टर दिसायला रुबाबदार, यात वाद नाही. मे महिन्यात, कूलरमधलंही पाणी उकळतं अशा दिवसांत, त्यांचा टाय गळ्याशी घट्ट. केबिनमधून ते निघाले की आधी सेंट यायचा, मग ते. पेशंटशी बोलायची भाषा अशी की जणू आकाशवाणीवर नोकरी आहे. "आपल्याला आता कसं वाटतंय?" असं त्यांनी विचारलं की खाटेवरची म्हातारी मागे वळून बघायची, हे 'आपण' कोण आलेत म्हणून. वास्तविक गडी जन्मला वाढला इथल्याच एका खेड्यात. पण ते गाव त्यांनी असं लपवलं होतं जसं लोक घरातलं कर्ज लपवतात. चिडले की मात्र ते गाव बाहेर यायचं.

त्यांचं एक वाक्य होतं, "प्रगती आहे!" राउंडला निघाले की खाटेगणिक ते वाटत जायचे. ताप उतरला, प्रगती आहे. ताप चढला, तरी शरीर लढतंय, म्हणजे प्रगतीच. एकदा मोबाइलवर बोलता बोलता एका रिकाम्या खाटेसमोर थांबले, चादरीवर हलकेच थोपटलं, "प्रगती आहे" म्हणाले आणि पुढे गेले. पेशंट एक्स-रेला गेला होता. मी तोंडावर ओढणी धरून संडासाकडे पळाले.

आता एवढी निंदा केल्यावर एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर माझं जेवण पचणार नाही. दुखण्यातलं या माणसाला खरंच कळायचं. कणा मोडलेल्या माणसाचे पाय मेल्यासारखे पडलेले असतात, चिमटा काढला तरी कळत नाही, पण तेच पाय कधीकधी आगीत धरल्यासारखे जळतात. घरच्यांना हे काही केल्या पटत नाही. कळतच नाही तर जळतं कसं? मग कोणी म्हणतं नाटक करतो, कोणी म्हणतं बाहेरचं आहे, उतारा टाका. एका पेशंटच्या भावाने डॉक्टरांसमोरच त्याला ढोंगी म्हटलं. डॉक्टरांनी त्या भावाकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "दुखतं म्हणतो ना तो? मग दुखतं. त्याचं दुखणं तुम्ही मोजायचं नाही." आणि खुर्ची ओढून त्या माणसाला किती तरी वेळ विचारत बसले, जळतं कुठून, चढतं कसं, रात्री वाढतं की वाऱ्याने. औषध लागू पडलं. एवढं ज्याला येतं त्याने हारतुऱ्यांचा तमाशा का मांडावा, याचा राग मला म्हणूनच जास्त यायचा. बिनडोक माणसावर कोण रागावतं?

चिखलीजवळच्या एका खेड्यातला संतोष नावाचा पोरगा होता, विहिरीत पडलेला. त्याचंही उभं राहणं झालं, हार झाला, पेढे वाटले, घरी गेला. काही दिवसांनी पुन्हा आणला तेव्हा दोन्ही तळपाय भाजलेले होते, कातडं सोलून निघालेलं. त्याच्या आईने वीट तापवून, फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवली होती. आमच्याकडे कंबर धरली, पाय आखडला, बाळंतीण झाली की वीट. विटेचा शेक हे आमचं सगळ्यात जुनं औषध आहे. पण ज्याला कळतं तो वीट लाथाडतो. संतोषला काही कळलंच नाही, वास आला तेव्हा घरच्यांना कळलं.

डॉक्टरांचं गाव त्या दिवशी भसकन बाहेर आलं. "काय केलं हे तुमी? अक्कल गहाण टाकली का बे सार्‍यायनं?" सगळा वॉर्ड ऐकत होता.

संतोषची आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुमीच तं म्हनलं होतं साहेब, प्रगती हाये. उभाही केला होता तुमी. म्हनलं जराशी गरमी भेटली तं पाय लवकर जागतीन."

डॉक्टरांनी ट्रे मागवला. ड्रेसिंग स्वतः केलं, आणि छान केलं. बाहेर आल्यावर मात्र हात पुसत मला म्हणाले, "पाहिलंत मॅडम? अडाणीपणा." मी म्हटलं, "सर, ते तुमचं ऐकूनच तर..." पण ते तोवर पुढच्या खाटेशी पोचले होते, आणि तिथे प्रगती होती.

हा माणूस पहिल्यापासून असा नव्हता म्हणे. एकदा दुपारी डबा खाताना त्यांनीच सांगितलं. डब्यात कळण्याची भाकर आणि ठेचा असला की ते केबिनचं दार लावून घेत, पण मी औषधांच्या सहीसाठी आत गेले होते आणि ठेच्याने त्यांचं नाक आणि तोंड दोन्ही मोकळं झालं होतं. मोठ्या शहरात शिकून ते नवे नवे इथे आले, तेव्हा पहिल्याच पेशंटच्या घरच्यांना त्यांनी खरं सांगितलं होतं. मणका तुटलाय, आतली दोरी तुटलीय, हा चालणार नाही, पण खुर्चीवर बसून आयुष्य काढू शकतो, मी शिकवतो. घरच्यांनी ऐकून घेतलं, हात जोडले, आणि संध्याकाळी पेशंट उचलून हाड बसवणाऱ्याकडे नेला. "तो म्हणाला, महिन्यात पळवतो. लोक त्याच्याकडे गेले. पुढं काय झालं ते मला कधी कळलं नाही," डॉक्टर म्हणाले. "आपल्या लोकांना खरं पचत नाही, मॅडम. त्यांना इथं थांबवायचं तर काहीतरी उभं करून दाखवावंच लागतं."

'आपल्या लोकांना' असं ते म्हणत, पण त्या लोकांत ते स्वतः नसत. माझी त्यांच्यावरची खरी चीड ही होती. टाय, सेंट, आकाशवाणी, हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण समोरच्याला काही झेपणारच नाही, हे त्याच्या वतीने आपणच ठरवून टाकायचं आणि वर त्याला दयाळूपणा म्हणायचं, हे मला सहन होत नसे. आणि त्यांना वाटे, मी अजून नवी आहे, शिकेन हळूहळू.

मग रेखा आली. दुसरबीडच्या अलीकडच्या एका गावातली, तिशीच्या आतली, सोयाबीनच्या कुटाराच्या ट्रॉलीवरून पडलेली. कमरेखाली काही नाही, वरचं सगळं शाबूत, आणि जीभ तर शाबूतपेक्षाही जास्त. घरी चार-पाच वर्षांची मुलगी, सासूजवळ ठेवलेली. नवरा गजानन आठवड्याला येई, खाटेजवळ बसून दोन्ही हात गुडघ्यांत घालून जमिनीकडे बघे आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून लवकर निघे. माणूस वाईट नव्हता, पण त्या घरात आईच्या आधी कोणी काही ठरवत नसे. आणि आईचा, म्हणजे पार्वताबाईंचा निरोप त्याने पहिल्याच भेटीत आणला होता, की उभी झाली की घरी घेऊन ये.

रेखा भराभर शिकली. फळीवरून घसरत खाटेवरून चाकाच्या खुर्चीत यायचं, लघवीची नळी आपल्या हाताने घालायची, एकाच अंगावर पडून राहिलं की कातडं सडतं, म्हणून आरसा धरून मागची कातडी कुठे लाल झाली का ते बघायचं. एक दिवस केबिनमध्ये तपासणी झाल्यावर तिने भिंतीवरच्या एका फोटोकडे बोट दाखवलं, हिरव्या लुगड्यातली बाई. "मॅडम, हे आता कोठी हाय?"

ती मला माहीत होती. फोटो घेऊन ती सासरी गेली. घरच्यांनी सणापर्यंत वाट पाहिली, आज चालेल, उद्या चालेल. चालली नाही तेव्हा म्हणाले, डॉक्टरनं तर उभी करून दिली होती, आता हीच अंग चोरते. आणि माहेरी नेऊन टाकली. मी हे रेखाला सांगितलं. तिने ओठ आवळून ऐकलं, मग खुर्ची वळवली आणि थेट डॉक्टरांसमोर नेली.

"डॉक्टरसाहेब, माहाही फोटो काढा. हार घाला, नारळ फोडा, मी हासतोही. पण माह्या सासूले एक गोष्ट तुमच्या तोंडून सांगा. तुमची सून चालणार नाही, पण बसून सारं करते. मी सांगतलं तं बहाणा म्हनतीन. तुमी कोट घालता, तुमचं आयकतीन. नाही सांगतलं तं मीही त्या भिंतीवरची होतो, आन् माही पोरगी तिकडंच राह्यते."

डॉक्टर थोडे बावरले. मग आपल्या आवाजात म्हणाले, "नक्की सांगतो, ताई. शब्द देतो."

उभं राहण्याच्या दिवशी दुसरबीडकडून जीपभर माणसं आली. पार्वताबाई पुढे, हाडकुळ्या, ताठ, हातात नारळ असा धरलेला जसा कोणाला फेकून मारणार आहेत. गावातल्या बातम्या मोबाइलवर दाखवणारा एक चॅनलवाला डॉक्टरांनी बोलावला होता, तोही हजर. रेखाला दोन दांड्यांच्या मधे उभी केली, पट्ट्या आवळल्या, मी मागे पट्टा धरला. टाळ्या पडल्या. हार पडला. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला.

पार्वताबाई अगदी जवळ आल्या. सुनेला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि डॉक्टरांकडे वळल्या. "साहेब, आता चालन ना हे?"

रेखाचा श्वास थांबलेला मला पट्ट्यातून कळला. मीही थांबले. एक वाक्य होतं, डॉक्टरांना पाठ होतं, दिलेलं होतं. डॉक्टरांनी पार्वताबाईंकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हसू लागला.

"प्रगती आहे, माउली. छान प्रगती आहे."

पुन्हा टाळ्या. त्या क्षणी मला त्या माणसाची शिसारी आली. दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

"मॅडम, बसवा मले," रेखा म्हणाली. मी बसवली. तिने हार काढून मांडीवर ठेवला, वाकून पायाच्या पट्ट्या स्वतः सोडल्या, आणि मान वर करून म्हणाली, "आत्याबाई, मी चालत नसतो आता. कधीच नाही. पाय गेले ते गेले. बाकी सारं येते मले. न्यायचं असन तं अशीच न्या."

टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात तसेच राहिले. गजानन जमिनीकडे बघत होता.

"मले दिसून राह्यलं," पार्वताबाई म्हणाल्या. "मी काय आंधळी हाव? मांगून त्या बाईनं धरलं होतं तुले." मग डॉक्टरांना म्हणाल्या, "तुमाले ठाऊक होतं?"

"हो, म्हणजे... तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून..."

"वाटलं असतं! मंग? आमच्या घरातलं वाईट आमाले वाटू द्याचं होतं ना. तुमी काऊन ठेवून घेतलं ते?"

आणि त्या मटकन खाली बसल्या आणि रडल्या. हुंदके गिळत वगैरे नाही, आमच्याकडे मयतीला रडतात तसं, सूर धरून, सुनेच्या पायांचं नाव घेऊन. एवढे दिवस कोणीही त्या पायांसाठी रडलेलं नव्हतं, कारण ते पाय गेलेत हेच कोणी सांगितलं नव्हतं. रेखाही रडली. मलाही आवरलं नाही. चॅनलवाल्याने मोबाइल खाली केला.

मग पार्वताबाईंनी पदराने नाक पुसलं आणि तिथेच बसून, भरल्या खोलीत विचारलं, "आता मले हे सांगा, हे मुतते कशी?"

डॉक्टरांचे कान लाल झाले. रेखा म्हणाली, "मी दाखवतो ना आत्याबाई, घरी."

"तू गप. त्यायले विचारलं मी."

डॉक्टरांनी टाय सैल केला. मग त्यांनी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, आणि पार्वताबाईंच्या समोर स्टूल घेऊन बसले. सुरुवात आकाशवाणीवरच झाली. पण त्या बाईने दोनदा "मंजे कसं?" विचारल्यावर आकाशवाणी बंद पडली आणि त्यांचं गाव बोलू लागलं. नळी कशी धुवायची, दाराशी उतार कसा करायचा, गॅस कुठवर खाली घ्यायचा, गरम ताट मांडीवर का ठेवायचं नाही. "मांडी जळन आन् तिले पत्ताच नाही लागनार, समजलं का माय?" त्यांच्याकडून इतकं चांगलं, इतकं सरळ मी कधी ऐकलं नव्हतं. माझा राग अर्धा उतरला. तेवढ्यात ते उठले, टाय नीट केला, आणि बाहेर जाऊन चॅनलवाल्याला हळूच म्हणाले, "त्या उभ्या असतानाचा भाग घेतलात ना नीट?" उतरलेला राग पुन्हा जागेवर आला.

रेखा सासरीच आहे. सासू-सुनेचं रोज वाजतं असं ऐकते, म्हणजे सगळं सुरळीत असावं.

मी पुढे ती नोकरी सोडली, चिखलीला स्वतःचं सुरू केलं. सोडायच्या आठवड्यात निंबावरून पडलेला एक तरणा गडी आला होता. त्याच्या बापाने केबिनमध्ये विचारलं, "साहेब, चालन ना पोरगा?" मी दारातच होते. कान टवकारून प्रगतीची वाट बघत होते.

डॉक्टर बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. "नाही," ते म्हणाले. "चालणार नाही. पण दादा..."

'पण' बापाने ऐकलंच नाही. दुपारपर्यंत दारात गाडी लागली. जालन्याकडे कोणीतरी हाड बसवणारा आहे, तिकडे निघाले. डॉक्टर माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता, पैज जिंकल्यासारखा. "बघा मॅडम. हे घ्या तुमचं खरं." मी काहीतरी झणझणीत बोलणार होते. पण तोवर त्यांची नजर खिडकीबाहेर गेली होती. बाहेर त्या पोराला चौघांनी धरून, कमरेत तसाच लोंबकळत, गाडीच्या मागच्या हौद्यात जाड गादीवर उताणा टाकला आणि मागची फळी लावली.

डॉक्टर ताडकन उठले. जिन्यावरून त्यांचे बूट धाडधाड वाजलेले मी ऐकले. मी खिडकीशी गेले तर गाडी फाटकातून निघाली होती आणि हा माणूस भर उन्हात, टाय खांद्यावर उडालेला, तिच्यामागे पळत होता. "ओ दादा! कूस पलटवा त्याची! दोन-दोन तासानं पलटवा! झोपला असन तरी पलटवा बे, त्याले कळत नाही, तुमाले कळाले पायजे!" बापाने गाडीतून एकदा मागे पाहिलं. ऐकलं की नाही, देव जाणे. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मोटारसायकली हॉर्न वाजवत दोन्ही बाजूंनी जात होत्या, आणि डॉक्टर रस्त्याच्या मधोमध थांबून रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून दोन्ही हातांनी दाखवत होते, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि मग हळू, असं.